जावयानं बसवलेला खटका

नत्थुजींच्या हाताला देवानं जेवढी माया दिली, तेवढी जिभेला द्यायची राहून गेली. अमरावतीत बडनेरा रोडच्या मागच्या वस्तीत, घराच्या परसात टिनाच्या छपराखाली त्यांचं सुतारकामाचं दुकान. परतवाड्याच्या डेपोतून सागवान आलं की पाटीवर, म्हणजे चिरलेल्या फळीवर, बोट वाजवून ते सांगत, ही सरळ, ही पोकळ, हिच्या पोटात गाठ. आणि सांगत ते लाकूड विकणाऱ्याच्या तोंडावर, चार माणसांत. कुणाकडे दार बसवायला गेले, की आधीच्या सुताराची चौकट न्याहाळून "हे कोनं ठोकलं बाप्पा?" असं विचारल्याशिवाय त्यांची हत्याराची पेटी उघडत नसे. लोक म्हणत, नत्थुजी खरं बोलणारा माणूस. दुसऱ्याचं वाईट बोलणाऱ्याला खरं बोलणारा म्हणायची आपल्याकडे पद्धतच आहे. नत्थुजींना ती फार मानवली होती.

एका माणसापुढे मात्र त्यांच्या जिभेला कुलूप लागे. तो म्हणजे त्यांचा जावई, अनुप. अकोल्याचा. आयटीआय करून वायरमन झालेला, बोलायला कमी आणि कामाला वाघ. एकुलत्या एक लेकीला, आरतीला, तिथं देऊन दोन वर्षं होत आली होती. जावई घरात आला की नत्थुजी खुर्ची सोडून उभे राहत, बनियनवर सदरा चढवत आणि आवाज निम्म्यावर आणत. जावयाला नाव ठेवायचं नाही, जावयाकडून काम करून घ्यायचं नाही, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते रक्तातच होतं.

तरीही गेल्या दिवाळीत एक अघटित घडलं. फराळ झाल्यावर अनुप सहज परसात गेला आणि दुकानाचा बोर्ड पाहून जागीच थांबला. चिनी मातीचे जुने कटआउट, आणि त्यांत फ्यूजच्या बारीक तारेऐवजी नत्थुजींनी स्वतः गुंडाळलेली जाडजूड तांब्याची तार. फ्यूज म्हणून ती जन्मात गेली नसती. गेलं असतं ते घर.  पुढच्या रविवारी अनुप अकोल्याहून एसटीनं सगळं सामान घेऊन आला आणि दिवसभर खपून त्यानं दुकानाचं वायरिंग नवं करून दिलं. पैशाचा विषयही काढू दिला नाही. नत्थुजींच्या बायको सुभद्राबाई स्वयंपाकघरात हळहळत होत्या, "जवायाच्या हातानं काम करून घेता, लाज नाई वाटत तुमाले?" नत्थुजींना वाटत होतीच. जावई शिडीवर आणि सासरा खाली, हे दृश्य शेजाऱ्यांनी पाहू नये म्हणून त्यांनी परसाचं फाटक लावून घेतलं होतं.

जाताना अनुपनं बोर्ड समजावून सांगितला. "मामाजी, हा खटका लोड जास्त झाला का पडते. आन हा दुसरा हाय ना, हा वीज कुठी गळून राह्यली का पडते. टेबल लोखंडाचं हाय म्हनून त्याले हे हिरवी वायर लावली, अर्थिंगची. खटका पडला तं त्याच्यावर रागावू नका. कावून पडला ते पाहा." नत्थुजींनी "हो, हो" म्हटलं. त्यांचं लक्ष जावयाच्या कपातला चहा थंड होतोय इकडे होतं. त्या दिवशी विजेची आरी, जिला सगळे कटर म्हणतात, ती एका साइटवर पडली होती. त्यामुळे अनुपला ती पाहताच आली नाही.

कटर परत आलं, नेहमीप्रमाणे लोखंडी टेबलाखाली उलटं बसवलं, पिन लावली, बटण दाबलं, आणि टक् करून खटका पडला. वर केला, पुन्हा पडला. त्या दिवसापासून नत्थुजींचे आणि खटक्याचे असे खटके उडू लागले की सुभद्राबाईंना जरा उसंत मिळाली. एरवी तो मान त्यांचा असे.

नत्थुजींनी आपल्या परीनं शोध घेतला. पंखा जास्त वीज खात असेल म्हणून पंखा बंद केला. पातं बोथट झालं असेल म्हणून नवं घातलं. बाभूळ ओली आहे म्हणून वाळकं सागवान लावून पाहिलं. खटका पडायचा तो पडतच राहिला. शेवटी वैतागून त्यांनी टेबलाची हिरवी वायर सोडवून बाजूला फेकली, बटण दाबलं, आणि कटर गरगर फिरू लागलं. खटका जागचा हलला नाही. नत्थुजींना रोग सापडला. ती हिरवी वायरच भानगडीची होती, आणि ती लावली होती जावयानं.

"फोन करून विचारा ना जवायाले," सुभद्राबाई म्हणाल्या.

"काय विचारू? तुमचं काम बिघडलं म्हनू? जवायाले असं म्हनते का कोनी?"

जे जावयाला म्हणता येत नव्हतं, ते मग त्यांनी बाकी सगळ्यांना म्हटलं.

चौकातला पानठेला ही त्यांची संध्याकाळची जागा. तिथं तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून होईपर्यंत गावभरच्या कामांचा निकाल लागे. कुणीतरी नव्या वायरिंगचं कौतुक करायला गेलं आणि नत्थुजींची जीभ सुटली. "कायचं वायरिंग! रोज खटका पडे. शेवटी मीच दुरुस्त केलं, एक वायर तोडून. जवाई मानूस सोन्यासारखा हाय, पन हात कच्चा हाय."

हात कच्चा. कारागिरानं कारागिराबद्दल याहून वाईट बोलू नये. माणूस दारू पितो म्हटलं तरी त्याला काम मिळतं, उशिरा येतो म्हटलं तरी मिळतं. हात कच्चा म्हटल्यावर मिळत नाही. नत्थुजींना हे पुरतं ठाऊक होतं. तो शब्द वापरून त्यांनी आजवर किती सुतारांची गिऱ्हाइकं तोडली होती, याचा हिशेब त्यांनी कधी ठेवला नाही. त्या संध्याकाळी लोक हसले, त्यांनाही बरं वाटलं, आणि ते घरी येऊन भाकर-पिठलं खाऊन झोपले.

हसणाऱ्यांत बंडूभाऊ ठेकेदार होते. अकोल्यात ते एका वसतिगृहाची इमारत बांधत होते आणि तिचं सगळं वायरिंग अनुपला द्यायचं त्यांच्या मनात होतं. मनात कसलं, तोंडी बोलणं होऊन गेलं होतं. अनुपनं त्या भरवशावर हाताखाली दोन माणसं ठेवली होती.

महिनाभरानं आरतीचा फोन आला. आईशी बोलता बोलता रडली. काम दुसऱ्याला गेलं होतं. बंडूभाऊंनी आडपडदा न ठेवता अनुपला सांगून टाकलं होतं, की बाहेरचा कोणी बोलला असता तर मी कानाआड केलं असतं. पण सासरा कधी जावयाचं वाईट बोलत नाही, तुमचा बोलला, म्हणजे त्यात खरंच काहीतरी असणार.

"बाबा खरंच असं म्हनले का?" आरतीनं विचारलं. सुभद्राबाईंनी फोन हातात धरून नवऱ्याकडे पाहिलं. नत्थुजी रंधा मारत होते. "मी काय खोटं बोल्लो?" ते म्हणाले, पण वर न बघता म्हणाले. रंधा त्यांनी उगाच जोरात ओढला आणि पाटीची कड गेली.

वैशाख लागला. अमरावतीचं ऊन टिनातून खाली उतरू लागलं. दुपारी सुभद्राबाई दुकानाच्या फरशीवर पाणी शिंपडत, तेवढाच गारवा. अशाच एका दुपारी नत्थुजी कटर थांबवून अंगणात तोंड धुवायला गेले होते. कटरचं बटण बंद होतं, पण पिन तशीच लावलेली होती आणि वायरीत वीज होतीच. सुभद्राबाई चहा घेऊन आल्या, अनवाणी, ओल्या फरशीवरून, आणि कप ठेवताना त्यांचा हात टेबलाच्या कडेला लागला.

नत्थुजींना आधी कप फुटल्याचा आवाज आला आणि त्याच्याबरोबरच टक् असा दुसरा. धावत आले तर कूलर बंद, पंखा बंद, आणि सुभद्राबाई फरशीवर बसलेल्या. उजवा हात डाव्या हातात धरून त्याच्याकडे पाहत होत्या, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. "आंगातून काहीतरी गेलं," त्या म्हणाल्या. "खांद्यापर्यंत गेलं आन सोडून देलं."

डॉक्टरांनी तपासलं, काही नाही म्हणाले. खटका नसता तर मात्र आज भेट झाली नसती, असंही म्हणाले. घरी आल्यावर बायकोला कूलरपुढे निजवून नत्थुजी दुकानात गेले. पिन काढली आणि टेबलाखाली आडवे झाले. कटरची वायर टेबलाच्या लोखंडी कोनावरून ओढलेली होती. कटर थरथरून थरथरून ती तिथं घासली होती. त्या जागी काळी पट्टी गुंडाळलेली होती, वाळून तडकलेली, आणि फटीतून उघडी तांब्याची तार कोनाला चिकटली होती. पट्टी कुणाची हे विचारायची गरज नव्हती. ती त्यांनीच गुंडाळली होती, अनुपनं बोर्ड लावायच्या कितीतरी आधी.

आणि मग एकेक आठवत गेलं. पावसाळ्यात त्या टेबलाला हात लागला की मुंग्या येत. नत्थुजी हसून म्हणत, "आपलं टेबल चावते थोडं," आणि रबरी चप्पल घालून काम करत. वर्षानुवर्षं. वीज टेबलात उतरत होती. अनुपच्या हिरव्या वायरनं तिला जमिनीत नेलं आणि खटक्यानं ते ओळखलं, दर वेळी, न चुकता. यांनी वायर तोडली तेव्हा रोग बरा झाला नव्हता. विजेची वाट तेवढी बंद झाली होती. ती वाट आज सुभद्राबाईंच्या अंगातून उघडली, आणि तिथंही जावयाचाच खटका कामी आला होता.

नत्थुजी टेबलाखाली तसेच पडून राहिले. लाकडाचा भुसा मानेला चिकटला होता. बाहेर यायची त्यांना लाज वाटत होती, आणि बाहेर तर कुणीच नव्हतं.

बायकोला त्यांनी सगळं सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. "मले काय सांगता?" ती म्हणाली. "जिथं म्हनलं, तिथं म्हना."

त्यांनी अनुपला फोन लावला. "नमस्कार मामाजी," तिकडून आवाज आला, नेहमीसारखा, आदराचा. नत्थुजींनी तब्येत विचारली, अकोल्याचं ऊन विचारलं, आंबे आले का विचारलं आणि फोन ठेवला. पानठेल्यावर तलवारीसारखी चालणारी जीभ इथं टाळूला चिकटली. मग बंडूभाऊंना गाठलं. "माहं चुकलं भाऊ, वायरिंग चांगलं होतं," एवढं ते कसंबसं बोलले. बंडूभाऊ मोठ्यानं हसले. "समजलं नत्थुजी. पोरीनं रागावलं वाट्टे!" आणि गाडीला किक मारून निघून गेले.

यंदा ज्येष्ठात अधिक महिना आला, म्हणजे धोंड्याचा महिना. लग्नानंतरचा जावयाचा पहिला धोंडा. जावयाला घरी बोलवायचं, पाय धुवायचे, कपडे करायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. नत्थुजींनी ठरवलं, त्याच दिवशी सगळ्यांसमोर बोलायचं. पानठेल्यावरच्या मंडळींना त्यांनी एकेकाच्या घरी जाऊन निमंत्रण दिलं. बंडूभाऊंना दोनदा दिलं.

अनुप आला. सगळं ठाऊक असलेला माणूस जसा येईल तसा नाही, जावई येतो तसा आला. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाई. वाकून नमस्कार केला. नत्थुजींना त्याच्या नजरेला नजर देता येईना. तो रागावून आला असता तर बरं, असं त्यांना वाटून गेलं. रागाला काहीतरी उत्तर देता येतं.

पाटावर जोडपं बसलं. पुढे परात ठेवली. सुभद्राबाई तांब्यानं पाणी घालत होत्या आणि नत्थुजी जावयाचे पाय धूत होते. दिवसदिवस शिडीवर उभं राहून त्याच्या तळव्यांना मध्ये आडवा घट्टा पडला होता. कच्च्या हाताच्या माणसाच्या तळव्याला असा घट्टा पडत नाही.  नत्थुजींना पाय धरून माफी मागायची होती, आणि पाय तर हातातच होते. पण ते रीतीनं हातात आले होते. आज प्रत्येक सासरा जावयाचे पाय धुतो. याहून खाली वाकायला जागाच उरली नव्हती, आणि या वाकण्याची काही किंमतही नव्हती. त्यांनी पाय जरा जास्त वेळ धरून ठेवले.

"मामाजी, झालं," अनुप हळूच म्हणाला आणि त्यानं पाय ओढून घेतले.

पंगत बसली. धोंड्यांवर तुपाची धार पडली तसे नत्थुजी वाढता वाढता थांबले. "मले एक बोलाचं हाय," ते म्हणाले. त्यांनी तुपाचं भांडं खाली ठेवलं. "मी चौकात म्हनलं होतं का जवाईबुवाचा हात कच्चा हाय. ते खोटं होतं. वायरिंग एक नंबर हाय. खराब माहं कटर होतं, माह्या हातानं खराब केलेलं. आरतीची माय आज जित्ती हाय ते त्यायच्या खटक्यानं. हात माहा कच्चा हाय."

 मग बंडूभाऊ म्हणाले, "वा नत्थुजी! धोंड्याच्या दिवशी जवायाचा मान असाच ठेवा लागते." आणि पंगत हसली. कौतुकानं हसली. दुसरा म्हणाला, "आज तं तुमी जवायाले कलेक्टरबी म्हनसान." पुन्हा हसणं.

"मान नाई ठेवून राह्यलो. खरं सांगून राह्यलो!" नत्थुजींचा आवाज चढला. जावई समोर असताना तो पहिल्यांदाच चढला होता. "चला, दाखवतो."

हात धुतलेली, न धुतलेली माणसं त्यांच्यामागे परसात आली. हिरवी वायर त्यांनी केव्हाच जागेवर लावली होती. कोपऱ्यात टाकलेलं कटर त्यांनी टेबलाखाली पुन्हा अडकवलं, सगळ्यांना मागं सरकवलं, पायात चप्पल घातली, पिन लावली आणि बटण दाबलं. टक्. खटका पडला. पंखा थांबला.

"पाह्यलं?" नत्थुजी म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आता तरी सगळं उघड झालं होतं, त्यांच्या लेखी.

बंडूभाऊंनी बोर्डाकडे पाहिलं, थांबलेल्या पंख्याकडे पाहिलं. "अजून पडतेच की हो," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कुजकेपणा नव्हता. त्यांना तसंच दिसत होतं. खटका पडला म्हणजे वायरिंग कच्चं, हे त्यांना नत्थुजींनीच तर शिकवलं होतं.

नत्थुजी समजावू लागले. वीज कशी गळते, हिरवी वायर काय करते, पट्टी कुठं फाटली. शब्द एकमेकांत अडकत होते. लोक मान हलवत होते आणि नजरेनं मुखशुद्धीचं तबक शोधत होते. आरती स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. अनुप पुढे झाला, त्यानं कटरची पिन काढली, खटका वर केला. पंखा फिरू लागला.

तेवढ्यात मनकर्णाबाई, नत्थुजींची म्हातारी आत्या, काठी टेकत मध्ये आली. तिचा आवाज अजून ठणठणीत होता. "तुमाले समजत नाई का बाप्पा? जवायाले कमीपना येऊ नये म्हनून थो सारं सोताच्या आंगावर घेऊन राह्यला. असा सासरा भेटाले नशीब लागते. काहो जवाईबुवा, खरं का नाई?"

बायकांनी माना डोलावल्या. बंडूभाऊसुद्धा गंभीर झाले आणि त्यांनी नत्थुजींच्या पाठीवर हात ठेवला. सगळ्यांनी अनुपकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर ओलं कुंकू होतं, खांद्यावर नवा दुपट्टा. सासऱ्याच्या घरी, धोंड्याच्या दिवशी, भरल्या अंगणात त्याला विचारलं गेलं होतं.

त्यानं नत्थुजींकडे एकदा पाहिलं.

"हो," तो म्हणाला.

त्या होकारात राग नव्हता, क्षमाही नव्हती, नुसती रीत होती. लोक कौतुकानं नत्थुजींना वाट करून देत होते, कुणी त्यांच्या पायाही पडलं, आणि नत्थुजींना मान वर करता येत नव्हती.